बेथिया स्पिंक आणि लँग पट्टीवरचे पक्षी

बेथिया स्पिंकने आयुष्यातली पहिली थोबाडीत खाल्ली ती मोजण्यावरून. पाच-सहा वर्षांची असेल. स्केरीहेवनच्या धक्क्यावर आईचं बोट धरून उभी होती. बोटी एकामागून एक बंदराबाहेर पडत होत्या, आणि शाळेत नुकतंच शिकलेलं मिरवावं म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "एक, दोन, तीन..." चार म्हणायच्या आत आईचा हात गालावर बसला. शेजारच्या बायकांनी माना फिरवल्या. एकीने तर घाईघाईने वाकून धक्क्यावरच्या साखळीला हात लावला, कारण अपशकुन झाला की आमच्याकडे थंड लोखंडाला शिवतात.

आमच्या किनाऱ्यावर समुद्रात गेलेलं काही मोजत नाहीत. बोटी मोजत नाहीत, माणसं मोजत नाहीत, मासेसुद्धा पेट्यांवर सांगतात. मोजलं की समुद्राला कळतं आपल्याकडे किती आहेत, आणि मग त्यातलं एखादं त्याला हवंसं वाटतं, अशी समजूत. हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. त्याच वर्षी थंडीच्या तोंडाशी एक बोट परत आली नाही, आणि इना स्पिंक, म्हणजे बेथियाची आई, पुढे जन्मभर म्हणत राहिली की त्या दिवशी पोरीच्या गालावर जरा कमीच पडली.

आणि हीच पोरगी मोठी होऊन पोटासाठी समुद्रावरचे पक्षी मोजायला लागली!

तसं ठरवून काही झालं नव्हतं. तिशीपर्यंत ती धक्क्यावरच्या शेडमध्ये हॅडक मासे साफ करत होती. मग एका पाहणीच्या जहाजावर स्वयंपाकीण हवी होती, आणि अट एकच, लाटांनी ओकणारी नको. बेथिया गेली. डेकवर दोघं जण दिवसभर दुर्बिणी लावून पक्षी मोजत बसायचे. ती चहा घेऊन जायची आणि तिथेच रेंगाळायची. तिसऱ्या सफरीत तिने त्यांच्यातल्या एकाला सांगितलं, "तू मघापासून एकच पक्षी पुन्हापुन्हा लिहितो आहेस. तो आपल्या जहाजामागे फिरतोय, माझ्या उष्ट्यासाठी." तो माणूस चांगला निघाला. रागावला नाही, तिला शिकवायला लागला. तिने रीतसर परीक्षा दिली, पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. आई दोन हिवाळे तिच्याशी बोलली नाही.

धाकटा भाऊ डॉड बोलायचा, पण टोचून. त्याची स्वतःची बोट होती. आईच्या नावावरून तिचं नाव ठेवलेलं, 'गर्ल इना'. त्या बोटीवर बेथियाने कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"एक तर बाई," डॉड म्हणायचा, "त्यात मोजणारी बाई. त्यापेक्षा मी बोटीला भोक पाडून घेईन."

"पाड की," बेथिया म्हणायची. "तेवढेच मासे वाचतील."

तिचं काम दिसायला सोपं, करायला महाकठीण. जहाज समुद्रावर सरळ रेघेत जातं. एका बाजूचा ठरलेल्या रुंदीचा पट्टा, तेवढाच बघायचा. पाण्यावर बसलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, तोही किती लांब होता त्यासकट. अंतर मोजायला हातात खुणा केलेली एक काठी, ती क्षितिजाशी धरायची. उडणाऱ्यांचं वेगळं. मधूनमधून, ठरल्या क्षणी, एकदाच नजर टाकायची आणि त्या क्षणी पट्ट्यात हवेत असतील तेवढेच धरायचे. सारखं बघत राहिलं तर नवे पक्षी येत राहतात, तुम्ही लिहीत राहता, आणि कागदावर समुद्रात आहेत त्याच्या कितीतरी पट पक्षी होतात. नवशिके हमखास इथे फसतात. आणि शेवटचा नियम असा की जे पक्षी बोटीच्या आशेने आले आहेत, आपल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, ते वेगळी खूण करून बाजूला काढायचे. ते तिथले नव्हेत, बोटीने ओढून आणलेले.

अशा रेघांवरून मग शिकलेली माणसं हिशेब मांडतात की सबंध समुद्रात कुठे किती पक्षी असतील. रेघेत चूक झाली की हिशेबात तिचा डोंगर होतो, हे बेथियाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळे ती हाताखालच्या पोरांना फार छळायची. कुणी उत्साहाने आकडा चढवला की म्हणायची, "ते पक्षी काय तुझ्या सासरचे आहेत? आहेत तेवढेच लिही." तिच्याबरोबर सफरीला जायला लोक नाखूष असत. तिला त्याचं काही वाटत नसे.

मग पवनचक्क्या आल्या. किनाऱ्यावरून दिसतील न दिसतील अशा, भर समुद्रात, पाण्यात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या. कंपनीला त्या लँग पट्टीवर उभारायच्या होत्या. लँग पट्टी म्हणजे पाण्याखालचा वाळूचा लांबलचक उंचवटा. उथळ पाणी, जवळचं अंतर, सगळं सोयीचं. फक्त त्याच वाळूत बोटाएवढे चंदेरी मासे राहतात, आणि स्केरीहेडच्या कड्यावर घरटी करणारे किटीवेक, म्हणजे काळ्या टोकांच्या पंखांचे छोटे समुद्रपक्षी, पिल्लांसाठी तेच मासे नेतात.

बेथिया पवनचक्क्यांच्या विरोधात नव्हती, हे इथे स्वच्छ सांगायला हवं, कारण नंतर गावात उलटंच बोललं गेलं. "माझ्या किटलीला काय पाखरं वीज पुरवतात?" ती म्हणायची. "लावा ना पाती. पण कुठे लावता ते बघून लावा." काही पक्षी पात्यांना आपटतात. जे शहाणे असतात ते पात्यांना टाळून लांबचा फेरा घेतात, आणि तेवढ्यात कड्यावरचं पिल्लू उपाशी मरतं. म्हणून आधी पक्षी कुठे आहेत ते शोधायचं. कंपनीने पाहणी लावली आणि त्या जहाजावर बेथियाच होती.

जुलैचा दिवस, समुद्र मऊ. जहाज लँग पट्टीवरून जात असताना पाणी फिरलं, भरती लागली, आणि खालचे मासे वर आले. काही क्षणांत पाणी पांढरं झालं. किटीवेक बसत होते, बुड्या मारत होते, उठत होते, सगळीकडून ओरड. बेथिया आकडे सांगत होती आणि लिहिणाऱ्या पोराचा हात पुरत नव्हता. थव्याच्या कडेला एक बोट दिसली, 'गर्ल इना'.

बेथियाने दुर्बीण बोटीवर धरली आणि पुरतं बघून घेतलं. बोट दक्षिणेकडून आता कुठे येऊन थांबत होती. डेकवर कुणी मासे साफ करत नव्हतं, आतडी फेकत नव्हतं. पक्ष्यांची तोंडं दुसरीकडे होती. तिने पोराला सांगितलं, "बोटीशी संबंध नाही, अशी खूण कर." पोराने केली.

पानगळीच्या दिवसांत कंपनीचा पिरी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पिरी माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, दारात बूट काढायचा. येताना त्याने बेकरीतून गरम ब्रिडी आणल्या होत्या, मटण भरलेल्या.

"बेथिया, एक छोटी दुरुस्ती आहे," तो म्हणाला. "जुलैच्या त्या थव्याची खूण. तिथे बोट होती ना?"

"होती."

"मग ते पक्षी बोटीचे धरायला हवेत. नियम तुम्हीच शिकवता सगळ्यांना."

"नियम असा आहे की बोटीसाठी आलेले असतील तर. ते आलेले नव्हते. मी बघितलंय."

पिरीने ब्रिडीचा कागद नीट घडी केला. "बोटीचा मालक म्हणतो, तो बराच वेळ तिथे मासे साफ करत होता. तसं त्याने लिहून दिलंय. सहीनिशी."

बोटीचा मालक! तिच्याच आईच्या पोटचा. बेथियाच्या कानशिलात रक्त चढलं, पण आवाज चढला नाही.

"तो थवा हिशेबातून निघाला," पिरी समजावत होता, "तर लँग पट्टी जवळजवळ रिकामी दिसते. परवानगी मिळते. गावाला कामं मिळतात. एका खुणेचा प्रश्न आहे हो."

"समुद्रावर लिहिलेलं मी जमिनीवर बदलत नाही," बेथिया म्हणाली. "आणि तुमच्या ब्रिडी घेऊन जा. मला त्या पचायच्या नाहीत."

तो गेल्यावर ती तशीच, चपला पायात सरकवून, डॉडच्या घरी गेली. तो गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता.

"लाज आहे का काही?" ती दारातूनच म्हणाली.

"ये, बस," डॉड म्हणाला. "वाटच बघत होतो."

"तू सही केलीस?"

"मी मासे साफ करत होतो असं लिहिलंय. करत होतोच."

"आधी का नंतर?"

"मी काय घड्याळ लावून बसलो होतो?"

"डॉड, पक्षी आधी होते का तू आधी होतास?"

डॉडने पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "हे बघ, त्या चक्क्यांभोवती पहाऱ्याला एक बोट लागणार आहे. बारा महिने. इकडून तिकडे फेऱ्या मारायच्या, जाळी ओढायची नाहीत, बर्फात दोर हाताळायचे नाहीत. हे गुडघे बघ माझे. दोन्ही पोरं शहरात. मी आणखी किती वर्षं वादळात जायचं, तूच सांग."

गुडघे बेथियाला दिसत होते. त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

"पहाऱ्याचं काम तुला मिळू दे," ती म्हणाली. "पण ते माझ्या तोंडाला काळं फासून नको. उद्या सगळे म्हणतील बेथिया स्पिंकने पक्षी घरी बसून रचले."

"आई सांगत होती ना मोजू नकोस म्हणून! मोजलेल्याचं कधी भलं झालंय का?"

"आईचं नाव काढू नकोस. आई खोटं कधी बोलली नाही. मारायची, पण खोटं बोलायची नाही."

"पाखरंच आहेत गं ती. जातील दुसरीकडे."

"कुठे जातील?" बेथिया ओरडली. "कुठे? सांग ना, मी लिहून घेते!"

तिने दार आपटलं.

पुढच्या सफरीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. गावात दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. पोस्टाशी एक जण तिला 'पाखरूबाई' म्हणाला. ती वळून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मिस पाखरूबाई म्हण. मी अजून कुणाच्या गळ्यात पडले नाहीये." पण घरी आल्यावर चहा करून तिने तो तसाच मोरीत ओतला. सगळ्या आयुष्यात तिने एकच गोष्ट नीट केली होती, आणि आता तीच खोटी ठरायची वेळ आली होती. त्या थव्याचं एक वेळ बाजूला ठेवा. तो रचलेला ठरला असता तर तिने आजवर लिहिलेल्या प्रत्येक रेघेवर थुंकायला लोक मोकळे होते.

प्रकरण सरकारी चौकशीला गेलं. चौकशीने नेमलेली तज्ज्ञ होती डॉ. ऊना हॅलक्रो, शेटलंड बेटांवरची, उंच, कमी बोलणारी. गावच्या हॉलमध्ये तिने दोन्ही बाजू ऐकल्या.

"दोन साक्षी एकमेकींच्या उलट आहेत," ती म्हणाली. "हा थवा मला टाकूनही देता येत नाही आणि धरताही येत नाही. जुलैत त्याच पट्टीवर पुन्हा मोजू. मोजणार बेथिया, लिहिणार मी, आणि कंपनीचा माणूस शेजारी उभा राहून बघणार."

"बोट आम्ही देऊ," पिरी तत्परतेने म्हणाला. "डॉड स्पिंकची तयार आहे. केबिनवर मोजणाऱ्यांसाठी फळ्यांचा कट्टाही बांधून देऊ."

सगळा हॉल बेथियाकडे बघायला लागला. ती नको म्हणेल अशीच सगळ्यांची अपेक्षा होती.

"चालेल," ती म्हणाली. "सुकाणू नीट धरता येतं का त्याला, तेवढं विचारा."

जुलै आला. सकाळी धक्क्यावर निम्मं गाव जमलं होतं. डॉड रेलिंगला टेकून उभा होता, तोंड आंबट. त्याच्या बोटीवर बाई चढणार होती, तीही त्याच्या आईच्या नावाच्या बोटीवर. बेथियाने एक पाय रेलिंगवरून आत टाकला, थांबली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "डुक्कर."

हा शब्द आमच्याकडे बोटीवर कुणी उच्चारत नाही. अगदीच वेळ आली तर 'तो वळलेल्या शेपटीचा' म्हणतात. डॉडने दोन्ही हातांनी लोखंडी खुंटा पकडला. धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी खिशात किल्ल्या चाचपल्या.

"आता झालं ते झालं," बेथिया म्हणाली. "यापेक्षा वाईट काही माझ्याकडे नाही. चल, काढ बोट."

पहिल्या दिवशी लँग पट्टीवर काही नव्हतं. रेघेमागून रेघ सरळ काढली, पाणी फिरलं, भरती लागली, आणि समुद्र तसाच करडा आणि रिकामा. एक पफिन पक्षी दिसला, तोही पट्ट्याच्या बाहेर. डॉ. ऊनाने शेवटच्या रेघेला पेन उचलून तिच्याकडे बघितलं.

"शून्य लिहा," बेथिया म्हणाली.

केबिनच्या खिडकीतून डॉडने डोकं बाहेर काढलं. "तो पफिन होता की एक."

"पट्ट्याबाहेर होता."

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," बेथिया म्हणाली. "शून्य. ठळक लिहा."

परत येताना डॉड खुशीत असायला हवा होता. पण नव्हता. बहिणीने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला त्याने पाहिला होता, आणि ते त्याला कुठेतरी खुपत होतं. धक्क्याला लागल्यावर त्याने तिला उतरताना हात पुढे केला. तिने तो घेतला नाही.

बेथिया त्या संध्याकाळी घाबरली होती. एकदा रिकामं, दोनदा रिकामं, की संपलं. पक्षी कुणाच्या सांगण्यावरून येत नाहीत, हे तिला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. कड्यावर पिल्लं ओरडत होती, म्हणजे आईबाप कुठेतरी मासे धरत होतेच. पण 'कुठेतरी' हा काही लिहायचा शब्द नव्हे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. तिसरी रेघ चालू होती. बेथिया कट्ट्यावर, शेजारी डॉ. ऊना, मागे कठडा धरून पिरी. खाली केबिनची खिडकी उघडी. रेघ म्हणजे रेघ. वारा असो, लाट असो, सुकाणू हलवायचं नाही, हे डॉडला पन्नासदा सांगून झालं होतं. पाणी फिरलं. आणि डाव्या अंगाला, पट्ट्याच्याही बरंच पलीकडे, समुद्रातून काहीतरी पांढरं उसळलं.

किटीवेक. आधी मूठभर, मग कड्यावरून रांगा लागल्या, आणि बघता बघता पाणी उकळायला लागलं. ते पट्ट्याबाहेर होते. बेथिया काठी डोळ्यासमोर धरून उभी राहिली, दात आवळून, नजर आपल्या पट्ट्यावर.

आणि पट्टा हलला. आधी तिला वाटलं लाटेने हललं. मग क्षितिज बाजूला सरकायला लागलं. बोट वळत होती, सावकाश, गुळगुळीत, नाक सरळ त्या थव्याकडे.

"डॉड!" ती किंचाळली. "सरळ! मेल्या, सरळ!"

बोट थबकली. सगळे खाली बघायला लागले. डॉड सुकाणूमागे उभा होता, तोंड किंचित उघडं, आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. हात सुकाणूवर पुरता वळलेला होता. त्याच्या समोरच्या पडद्यावर बोटीची वाट उमटत होती, सरळ आलेली रेघ आणि तिला फुटलेला वाकडा फाटा.

पिरी आधी सावरला. "रेघ मोडली," तो म्हणाला. "म्हणजे हे पक्षी धरता येणार नाहीत. बरोबर ना, बेथिया?"

"बरोबर," बेथिया म्हणाली. पक्षी आता बोटीच्या चहूबाजूंनी होते, हात लांबवला तर पंखाला लागेल इतके जवळ. "ही रेघ रद्द. एकही पक्षी लिहायचा नाही."

डॉ. ऊनाने पानावर काट मारली.

"पण बोट वळली ते लिहा," बेथिया म्हणाली. "ते झालंय. ते सगळ्यांनी बघितलंय."

डॉ. ऊना कट्ट्यावरून वाकली. "स्किपर, बोट का वळवलीत?"

"कुठे वळवली?" डॉड म्हणाला. मग पडद्याकडे बघून, चिडून, "अहो, पक्षी दिसले की वळतो माणूस! त्यात विचार कसला करायचा? पक्षी तिथे मासे. माझा बाप असाच वळायचा, त्याचा बाप..."

तो बोलता बोलता थांबला. पंखांची फडफड आणि ओरड, दुसरा आवाज नाही. बेथियाने तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढला असता तर तो हट्टाने पुन्हा मिटला असता, हे ती ओळखून होती.

"आणि गेल्या जुलैत?" डॉ. ऊनाने शांतपणे विचारलं.

"डॉड, तुम्ही उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही," पिरी म्हणाला.

"तू गप रे," डॉड म्हणाला. त्याने हात सुकाणूवरून काढून पँटला पुसला. "गेल्या जुलैत काय वेगळं होणार? लांबून थवा बघितला आणि आलो. पक्षी आधी, मी नंतर. मासे साफ केले ते त्याच्याही नंतर, हिचं जहाज निघून गेल्यावर. लिहा. सही पाहिजे असेल तर सही घ्या. पहाऱ्याला दुसरी बोट शोधा, पिरी. मी आपला मासे धरणारा आहे, मला नाही जमत सरळ रेघेत फिरायला."

नंतर मान वर करून बहिणीला म्हणाला, "आता सांगणार आहेस का पुढे काय करायचं? का इथेच मुक्काम ठोकायचा?"

"मागे घे," बेथिया म्हणाली. "रेघेच्या सुरुवातीपासून. पुन्हा."

"अगं, तोवर उडून जातील ते!"

"जाऊ देत. असतील तेवढे लिहीन."

डॉडने बोट फिरवली. सुरुवातीला जाऊन पुन्हा रेघेला लागेपर्यंत थवा विरळ झाला होता, पसरला होता, आणि पसरता पसरता त्याचा एक भाग पट्ट्यात आला होता. बेथिया बसलेले सांगत गेली, अंतर सांगत गेली, ठरल्या क्षणी मान उचलून उडणारे सांगत गेली. गेल्या जुलैएवढे नव्हते. पण रिकामं म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती. बोटीचं नाक या वेळी तसूभर ढळलं नाही. खाली डॉडने सुकाणू दोन्ही हातांनी असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

निकाल लागला पुढच्या हिवाळ्यात. जुना थवा हिशेबात राहिला, लँग पट्टी आराखड्यातून निघाली, पवनचक्क्या पूर्वेला खोल पाण्यात सरकल्या. तिथेही पक्षी आहेत, कमी आहेत, आणि काही आपटतातही. ते मोजायला बेथियाच जाते. यादीतलं तिचं नाव परत आलं. डॉड अजून जाळी ओढतो आणि गुडघ्यांच्या नावाने शिव्या घालतो.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. 'गर्ल इना' परत बंदराकडे येत होती. पिरी मागे एकटा बसला होता, डॉ. ऊना डब्यातली ब्रिडी खात होती. बेथिया कट्ट्यावरून उतरून पहिल्यांदाच भावाच्या केबिनमध्ये शिरली आणि दाराला टेकून उभी राहिली. तो सरकला नाही, पण हाकललंही नाही.

समोर बघतच डॉड म्हणाला, "त्या शेवटच्या रेघेत तू किती धरलेस?"

बेथियाला वाटलं आपल्याला भास झाला. इना स्पिंकच्या मुलाने, इना स्पिंकच्या बोटीवर, किती म्हणून विचारलं होतं. तिने आकडा सांगितला.

डॉडने मान हलवली. "माझे जास्त भरले. बरेच जास्त."

"तू मोजलेस?"

"मग काय नुसता उभा होतो? तू चुकलीस. माझे बरोबर आहेत."

"उडणारे सारखे धरत बसला असशील, गाढवा," बेथिया म्हणाली. "एकदाच बघायचं असतं."

"असं होय." डॉडने जरा विचार केला. बंदराचं तोंड समोर आलं होतं. संध्याकाळच्या बोटी एकामागून एक बाहेर निघाल्या होत्या, आणि धक्क्यावर बायका उभ्या होत्या. डॉडने खिडकी पुरती उघडली, बहिणीकडे एकदा बघितलं, आणि धक्क्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "एक. दोन. तीन. चार..."